गाडी दोन इंच खाली

३ नोव्हेंबर
गाडीचं सस्पेन्शन बदललं. आखूड, कडक स्प्रिंगा आणि त्यांना शोभतील असे शॉकअप. गाडी दोन इंच खाली बसली. आता वळणावर झुकणार नाही, रस्त्याला चिकटून जाईल. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. सोळाला तिला हॉस्पिटलमधून घरी आणायचंय, आणि ती माझ्याच गाडीतून येणार. भावोजींचा या कामावर डोळा आहे. त्यांची गाडी म्हणजे चाकं लावलेला सोफा. ताईला वाटतं, मला कळत नाही.

४ नोव्हेंबर
ऑफिसला नेली. वळणं अप्रतिम. स्पीडब्रेकरवर खालून खर्रर्र आवाज आला. स्पीडब्रेकर नियमापेक्षा उंच बांधलेला असणार. शेजारच्या डेंटिस्टने विचारलं, चारही टायरची हवा गेली का. जळतो.
संध्याकाळी हिला घेऊन चक्कर मारली. म्हणाली, खड्ड्यात दातावर दात आपटले. मी म्हटलं, याला रोड फील म्हणतात. ती म्हणाली, रस्ताच फील करायचा तर मी चालत आले असते. डेंटिस्टशी हिचं बोलणं झालेलं दिसतंय.

७ नोव्हेंबर
कंबर धरली. ऑफिसची खुर्ची बदललेली वाटते. कोणी बदलली, याचा छडा लावायचा.
गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, "साहेब, स्प्रिंग कडक केली की गाडी झुकायची थांबते, पण धक्का गिळायला जागा उरत नाही. मग तो तुम्हालाच गिळावा लागतो. आधी बोललो होतो मी." मला असं काही आठवत नाही. जुनेच शॉकअप रंगवून बसवले असणार.

९ नोव्हेंबर
डॉक्टरांनी बजावलं, पाठीला हिसका बसता कामा नये. लगेच ताईचा फोन, "यांची गाडी पाठवू का?" म्हणजे डॉक्टरांनाही आधीच गाठलेलं. मी साफ नाही म्हटलं. दर वेळी जावयानेच न्यायचं, तर मुलगा काय शोभेला आहे? आवाज जरा चढला. ताई म्हणाली, फोन वहिनीला दे. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ नोव्हेंबर
ही आतल्या खोलीत, दार लोटून, फोनवर. "नाही, नाही, यांना अजिबात कळू देणार नाही." मी दाराशी सहज उभा होतो. पलीकडे भावोजीच. दुसरं कोण असणार?
संकल्प: सोळाला भावोजींच्या आधी हॉस्पिटलात पोचायचं. आजपासून पहाटे उठायची सवय.

१२ नोव्हेंबर
उठायला उशीर झाला. अलार्म कोणीतरी बंद केला. मीच केला असं ही म्हणते.

१४ नोव्हेंबर
पंक्चर काढायला म्हणून ही गाडी घेऊन गेली. सकाळी गेली, उन्हं उतरल्यावर आली. एका पंक्चरला? म्हणाली, गर्दी होती. ओढणीला ग्रीस. गाडी किंचित उंच वाटली. हवा जास्त भरून घेतली असणार. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

१५ नोव्हेंबर
ट्रायल घेतली. काय चालते गाडी. खड्डे आहेत की नाहीत कळत नाही. नव्या स्प्रिंगा सेट व्हायला थोडं रनिंग लागतं, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. निदान मनात तरी. वळणावर थोडी झुकली, पण तो रस्त्याचा उतार. स्पीडब्रेकर कोणीतरी तासून कमी केलेला दिसतो. बरं झालं.

१६ नोव्हेंबर
आईला आणलं. भावोजी ताईला घेऊन आधीच हॉस्पिटलच्या दारात. वाकून माझ्या चाकाच्या वरची फट बघितली आणि ताईकडे पाहून मान हलवली. हार मानली.
आई मागच्या सीटवर उशांना टेकून होती. वाटेत चक्क झोपली. मी आरशात बघतच राहिलो. घरी उतरताना म्हणाली, "कळलंसुद्धा नाही रे. छान आहेत हो तुझ्या नव्या स्प्रिंगा." हिला म्हटलं, बघितलंस? ही म्हणाली, बघितलं.

१७ नोव्हेंबर
गॅरेजवाल्यावर उगाच संशय घेतला होता. मोठ्या मनाने सांगायला गेलो की बाबा, तुझ्या स्प्रिंगा एक नंबर आहेत. तो हातातला पाना पुसत राहिला. मग कोपऱ्यातलं पोतं उघडून दाखवलं. आत माझ्या नव्याकोऱ्या स्प्रिंगा. "मॅडमनी चौदालाच जुन्या परत बसवून घेतल्या. तुम्हाला सांगितलं नाही का?"
घरी येऊन थेट आईजवळ बसलो आणि म्हटलं, तुझ्या जावयाचे उद्योग कळले मला.
आई म्हणाली, "त्यांना बिचाऱ्यांना कशाला बोलतोस? ते तर गाडी घेऊन यायला तयार होते. मीच सूनबाईला फोन केला. म्हटलं, काय करायचं ते कर, पण मी माझ्या लेकाच्याच गाडीतून येणार."

१८ नोव्हेंबर
आईला ड्रेसिंगला नेऊन आणलं. गाडी वळणावर झुकते. मी वळणं हळू घेतली.