हात फक्त माझे

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ तुला माहीतच आहे, आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने एकेक अक्षर शोधून टाइप करतेय. तुला वाचायला दोन मिनिटं लागतील, मला अख्खी दुपार लागली. आई म्हणते सरळ फोन कर. पण फोनवर तू हॅलो हॅलो करत बसतेस आणि मी नुसती श्वास घेते, त्यापेक्षा हे बरं. नमस्काराची अक्षरं आईने सांगितली. म्हणाली, कॉम्प्युटरवर असलं तरी पत्र ते पत्र.

तू मागच्या वेळी आलीस तेव्हा माझे हात उलटेपालटे करून बघितलेस आणि म्हणालीस, हे तर मॉडेलचे हात आहेत. तेव्हा मी हसले. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नुसत्या हातांची मॉडेल खरंच असते का गं? म्हणजे चेहरा दिसत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही, असं? मग मला जमेल कदाचित. शाळेत उभं करून वाचायला लावलं की माझा आवाज जायचा, हात मात्र कधी थरथरले नाहीत. आठवीत शाळा सोडली त्या दिवशी बाई पण म्हणाल्या होत्या, चित्रं छान काढतेस.

एकच विचारायचं आहे. तिथे आपलं नाव कुठे लिहितात का? का नुसते हात?

आई बरी आहे. परवा एका गिऱ्हाइकाचा राखाडी कोट काळा रंगवायचा होता, तो जांभळा झाला. गिऱ्हाईक म्हणालं हाच जास्त चांगला दिसतो. आई दिवसभर हसत होती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी गोगलगाय


९ फेब्रुवारी

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, तुझ्या तोंडून जेवढे शब्द वर्षात निघत नाहीत तेवढे एका पत्रात आले! लिहीत जा अशीच.

हो, असते हातांची मॉडेल. साबण, अंगठ्या, मोबाइल, चहाचे कप, जिथे जिथे हात दिसतात तिथे. आणि नाव असतं म्हणजे काय, आमच्या मॉडेलिंगच्या एजन्सीत मोठं पुस्तक असतं. प्रत्येकीचं एक पान. तुझ्या पानावर तुझ्या हातांचे फोटो आणि वर ठळक अक्षरात तुझं नाव. कामं देणारी माणसं ते चाळतात. तुझं पान मी करून देणार, हा माझा शब्द.

पण तयारी आजपासून. नीट वाच, आणि आईला पण वाचून दाखव, नाहीतर ती तुला रंगाच्या कढईपाशी उभी करेल. रंगाला हात लावायचा नाही. सोडा, साबण, गरम पाणी, काही नाही. सुई नाही, विळी नाही, काडेपेटी नाही. उन्हात जाताना हातमोजे. घड्याळ काढून ठेव, त्याचा पांढरा पट्टा उमटतो आणि तो जायला दोन महिने लागतात. झोपताना हातांना जाडसर मलम चोपड आणि वरून सुती मोजे घाल, पायातले चालतील, धुतलेले घे म्हणजे झालं. नखं कापायची नाहीत, पट्टीने घासायची, एकाच दिशेने. नखांच्या कडेची कातडी ओढायची नाही, ओढलीस तर तुझे कान ओढेन.

आणि सराव. पाण्याने काठोकाठ भरलेला कप हातात धरून दहा मिनिटं बस. पाणी हललं नाही पाहिजे. फोटोच्या आधी दोन्ही हात डोक्यावर धरायचे, शिरा बसतात, हात गुळगुळीत दिसतो. ही युक्ती कुणाला सांगू नकोस. त्या दिवशी पोटभर खाऊन यायचं, उपाशी पोटी हात कापतात. बिनबाह्यांचा साधा काळा टॉप, बास.

बोलायचं टेन्शन घेऊ नकोस. तिथे तुझ्या वतीने मी बोलेन.

आईला सांभाळ, आणि माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव.
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं करतेय. पायमोजे हातात घालून झोपते. पहिल्या दिवशी सकाळी विसरले आणि तशीच दार उघडायला गेले. दूधवाला म्हणाला, काय गं, हातांवर उभी राहून चालतेस काय?

कप आता चौदा मिनिटं धरता येतो. मामा मुद्दाम मागून येऊन शिंकतो. तरी पाणी हलत नाही.

फक्त आईचं वाईट वाटतं. दोन्ही कढया ती एकटी ढवळते आणि तिचं मनगट आधीच दुखरं. मी उभी राहून रंगांचे नंबर वाचून दाखवते, बाकी काही करू देत नाही ती. मी काठीला हात लावायला गेले तर ओरडली, पान व्हायचंय ना तुझं, हो मागे. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते की धाकटीचं पुस्तकात पान येणार आहे. त्यांना वाटतं मी पुन्हा शाळेत जातेय.

अजून एक. हसू नकोस. मी आरशासमोर एक वाक्य पाठ केलंय. नमस्कार, मी नवीन आहे, काही चुकलं तर सांगा. रोज वीस वेळा म्हणते. तू बोलणार आहेस माहीत आहे, पण एवढं तरी मी बोलेन असं ठरवलंय.

लोभ आहेच, तो सुती मोज्यात घालून ठेव.
तुझी गोगलगाय


१० मार्च

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत लिहितेय. काम मिळालं! हातांच्या क्रीमची जाहिरात. चेहरा माझा, हात तुझे. माझ्या नखांची लहानपणापासूनची दशा तुला माहीत आहे, आई कडुलिंब लावून दमली तरी चावायची ती चावतेच मी. तर तू माझ्या मागे एका बुटक्या स्टुलावर बसायचंस, तुझ्यावर काळं कापड, आणि माझ्या काखेखालून तुझे हात पुढे. फोटोत ते माझेच वाटतात. घाबरू नकोस, या धंद्यात सगळ्या अशाच सुरू होतात. पान त्यानंतर लगेच.

२० आणि २१ तारीख. १९ ला ये, बस स्टँडवर घ्यायला येते. वाक्यबिक्य राहू दे, उगाच अडखळशील.

असाच लोभ, आणि थोडा जास्त.
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईने हात उलटे करून तपासले, मग मला जेवायला वाढलं.

तुला राग येणार नसेल तर एक विचारू? मी तिथे काही चुकले का?

दोन दिवसांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. मेकअपवाल्या बाई तुझ्याशी किती गप्पा मारत होत्या, माझ्याजवळ आल्या की गप्प. फोटो काढणारे दादा म्हणायचे, हात जरा डावीकडे, अंगठा खाली. पण तुझ्याकडे बघून म्हणायचे, आणि मी कापडाखालून ऐकायचे. नखं करणाऱ्या काकूंनी माझी दहाच्या दहा नखं घासली, तेल लावलं, तासभर माझा हात त्यांच्या हातात होता, आणि त्या नुसत्या हसल्या. मी माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी घाईघाईने मान हलवली, असू दे असू दे अशी. मग मला वाटलं माझ्या तोंडाला वास येतो की काय. जेवायला पण सगळे मोठ्या टेबलावर आणि माझं ताट तू पडद्यामागे आणून दिलंस. तू म्हणालीस तुला बरं पडेल. बरं पडलं असतं, पण पडद्याच्या फटीतून तुम्ही हसताना दिसत होतात.

निघताना मी काकूंना येते म्हणाले, तुमचा हात फार हलका आहे असं पण म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खुर्चीच बोलली.

परत आल्यापासून मी आईशीही फार बोलत नाही. ती विचारते कसं झालं, मी म्हणते छान. माझ्यातच काहीतरी असेल, की लोकांना बोलावंसं वाटत नाही.

पान कधी होईल?

लोभ कमी झाला नसेल ना?
तुझी गोगलगाय


८ एप्रिल

प्रिय मुली,
स. न. वि. वि.

मी एजन्सीत नखं करते. तुझा हात तासभर धरून बसले होते ती. तुझा ईमेलचा पत्ता तुझ्या ताईने भरलेल्या फॉर्मवर मिळाला. आगाऊपणा वाटला तर फाडून टाक, म्हणजे पुसून टाक.

अठरा वर्षं मी लोकांची बोटं बघतेय. तुझ्यासारखा स्थिर हात तीन-चार वेळाच बघितला. आमच्या मॅडमनी त्याच दिवशी तुझं पान करायचं म्हटलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी तुझी ताई म्हणाली, नको, तिला नाव नको आहे, घरचेही पाठवणार नाहीत. आणि सकाळी तू यायच्या आधीच तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, की ती आमच्या दुकानात काम करणारी मुलगी आहे, डोक्याने जरा अधू आहे, अनोळखी माणूस बोललं की तिला घाबरून झटका येतो. तेव्हा कृपा करून कुणी तिच्याशी बोलू नका.

आम्ही ऐकलं. तू तोंड उघडलंस तेव्हा मला भीती वाटली, आता हिला त्रास होईल. म्हणून मी मान हलवली. आणि जाताना तू एवढं स्वच्छ बोललीस. त्या दिवसापासून मला चैन नाही. फॉर्मवर तुझं आणि तिचं आडनाव आणि घराचा पत्ता एकच आहे हेही मग दिसलं, तेव्हा कळलं की तू तिची बहीण.

आता २० तारखेला त्याच जाहिरातीचे मोठ्या फलकासाठी फोटो आहेत, तेच हात हवेत. त्याआधी मी तुलाच विचारते, मधे कुणी नको. तुला पान हवंय की नको? खाली मॅडमचा नंबर देते. त्या मोठ्याने बोलतात, पण माणूस सरळ आहे.

ओळख नसली तरी लोभ धरावा.
नखं करणारी काकू


१२ एप्रिल

चि. गोगलगाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं कुठे आहेस? दोन निरोप पाठवले, उत्तर नाही. मोठी बातमी! २० तारखेला पुन्हा तसेच फोटो, या वेळी मोठ्या फलकासाठी. चौकाचौकात मी दिसणार! तू १९ ला ये. मलम, मोजे, सगळं चालू आहे ना?

पानाचं विचारलं होतंस. अगं या वर्षीची पानं भरली, मॅडम म्हणाल्या पुढच्या वर्षी बघू. मी खूप मागे लागले त्यांच्या. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि तू काहीही चुकली नाहीस, ती माणसंच शिष्ट आहेत, नव्या मुलींशी बोलतच नाहीत.

लवकर कळव. तुझ्या ताईवर लोभ आहे ना अजून, मग ये.
ताई


१५ एप्रिल

ताई,

काकूंचं पत्र मला आठ तारखेलाच आलं. तुझं आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचून बसले होते. तुझं पण चार वेळा वाचलं. माणसं शिष्ट आहेत हे वाक्य पाच वेळा.

दुकानात काम करणारी मुलगी म्हणालीस ते खरंच आहे, त्याचं काही नाही. डोक्याने अधू म्हणालीस तेही मी गिळलं असतं, शाळेत त्याहून वाईट ऐकलंय. पान नको म्हणालीस, ते का म्हणालीस मला कळतं. माझं पान झालं तर हे हात कुणाचे ते सगळ्यांना कळेल. पण तू मला नुसतं विचारलं असतंस ना, की माझ्यासाठी नावाशिवाय बस, तर मी बसले असते गं. आयुष्यभर बसले असते त्या स्टुलावर. तुझ्या पाठीला नाक लावून बसले होते दोन दिवस, मला छान वाटत होतं.

माणसं माझ्याशी बोलणार होती, ताई. ती सगळी बोलणार होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पाठ करून गेले होते, ते तुला मी स्वतः लिहून कळवलं होतं, आणि तरी तू सकाळी लवकर जाऊन सगळ्यांची तोंडं बंद केलीस. आणि मी वीस दिवस माझ्या तोंडाचा वास बघत होते. हे तुला माझ्या पत्रातून कळलं होतं, तरी तू मला खरं सांगितलं नाहीस.

आईला मी पत्र वाचून दाखवलं. लपवणार होते, पण तिने माझा चेहरा बघून कढईखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली वाच. सगळं ऐकलं. मग म्हणाली, माझ्याच दोन मुली, आणि एक दुसरीला नोकर म्हणते. तिला तू फोन कर. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर.

मॅडमना मी फोन केला. आई शेजारी उभी होती, पण बोलले मीच. आधी जरा नुसती श्वासच घेत होते. त्या म्हणाल्या कोण आहे, ठेवू का फोन? मग मी म्हणाले, ठेवू नका, मी हात. त्या म्हणाल्या कोण हात? मग सगळं सांगितलं, नाव, आडनाव, वय, दुकान. सहा मिनिटं बोलले. काही ठिकाणी अडखळले, त्या थांबल्या. पान होणार आहे. यावर्षीचं एकही पान भरलेलं नाही, आठ मोकळी आहेत म्हणाल्या.

त्यांनी २० तारखेचं पण विचारलं. म्हणाल्या, स्वतःच्या नावाच्या पहिल्याच कामाला नाही म्हटलंस तर लोक लक्षात ठेवतात, विचार कर. मी म्हणाले, साबणाचं सांगा, कपाचं सांगा, दुसऱ्या कुणाच्याही मागे बसवा, बसेन. ताईच्या मागे नाही. त्या म्हणाल्या, बरं, तसं कळवते. तर २० तारखेला त्यांनी दुसरी कुणी शोधली तर शोधली, नाहीतर फलकाचं काय ते तू बघ. मी नकार दिला तो तुझं वाईट व्हावं म्हणून नाही. खरं सांगू, थोडासा त्यासाठी पण दिला.

मी २२ ला येतेय, पानाच्या फोटोसाठी. मामा सोबत येणार आहे. बस स्टँडवर येऊ नकोस. काकूंकडे उतरणार आहे. त्यांनी नंतरच्या पत्रात सांगितलंय की त्यांना घोरायची सवय आहे आणि मी ते चालवून घ्यायचं.

आत्ताच बाहेर आरडाओरडा झाला म्हणून बघून आले, वळणावर लिंबांचा ट्रक उलटलाय, ड्रायव्हर ठणठणीत आहे, आणि लिंबं आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत आली आहेत. हातमोजे घालून वेचायला जातेय, म्हणून पत्र इथेच थांबवते.