लिंबू कुठं अडलं

तामलवाडी, ४ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं नि तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. वर्षभर रक्त कमी, पोटात कळा. वरून दुर्बीण घातली, खालून घातली. काही सापडलं नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, मधलं लहान आतडं राहिलं, तिथवर नळी पोचत नाही. म्हणून कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. तर ती मेली मधेच अडकून बसली! आता म्हणतात, तिथं गाठ असणार, कापावं लागेल. मी नको म्हणून घरी आले. सूनबाई रविवारी मला एरंडेल देणार आहे, निघेल आपोआप. वहिनींना सांगू नका.

तुमच्या मायेवरच तगून असलेली,
द्वारका

बेंबळी, ७ नोव्हेंबर

चि. सौ. द्वारकास अनेक आशीर्वाद.

नातवाला, युवराजला, गाडी घेऊन पाठवतोय. एरंडेलाची बाटली आधी त्याच्या हवाली कर. वहिनीला सांगितलंय, ती माझ्याहून जास्त चिडलीय.

मळ्यातली खापराची पाइपलाइन आठवते का? पाणी निम्म्यावर आलं, तेव्हा आबा अख्खी ओळ उकरायला निघाले होते. तू परकराच्या ओच्यातलं लिंबू ओळीवरच्या पहिल्या उघड्या कुंडीत सोडलंस. दुसऱ्या कुंडीत दिसलं, तिसरीत आलंच न्हाय. आबा ओरडले, पोरीनं आणखी तुंबवून ठेवलं. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, अडवणारं आधीपासून आतच होतं, लिंबानं नुसती जागा दाखवली. तिथंच खणलं, तर चिंचेचं मूळ शिरलेलं. तेवढा तुकडा काढून दोन्ही तोंडं जोडली.

गोळीनं वेगळं काय केलंय, बाई? अन् तुंबल्या जागी एरंडेलाचा जोर लावला, तर आतडंच फुटायचं. मुकाट्यानं गाडीत बस.

रागावलो तरी तुझाच,
अण्णा

सोलापूर, २ डिसेंबर

ती. अण्णा,
शि. सा. न. वि. वि.

तुकडा काढला, तोंडं जोडली. गोळी पाहिली, लिंबापेक्षा लई लहान. गाठ कॅन्सरचीच निघाली. लहान आतड्यात तो क्वचितच होतो म्हणे, म्हणून ध्यानात येत नाही. शेजारच्या एका ग्रंथीतही अंश सापडला, तेव्हा महिनाअखेरीस केमो सुरू होईल. पुढचं डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. तुमचं लिंबू मात्र त्यांना सांगितलं. हसले नि म्हणाले, अगदी तसंच.

काल पेज पोटात ठरली.

अण्णा, त्या दिवशी जोड दिल्यावर पहिलं पाणी गढूळ, लाल आलं होतं. मी भोकाड पसरलं. तुम्ही मला कुंडीच्या काठावर बसवून म्हणालात, निवळेस्तोवर इथंच बसू. दिवस कलेपर्यंत बसलो होतो.

आता परत तसंच बसायचंय. लोभ पत्रातून पुरायचा न्हाय, तुम्हीच या.

तुमची,
द्वारका