अकरा मालकिणी

४ मे
उन्हात समोरचा डोंगर हलल्यासारखा वाटतो. गावच्या ई-सेवा सेंटरात बायकांचे नव्या आरोग्य विम्याचे फॉर्म भरतेय, डोळे मिटताहेत. अट: वर्षात नव्वद दिवस काम, मालकाची सही. हिरावहिनीचा आधी घेतला. तिच्या हृदयाची झडप खराब, कार्ड झालं तरच ऑपरेशन. चार महिने खाली निरगुडसरला कांदा काढते, मुकादम दरवेळी नवा, सही कुणाची आणणार? उरलेले दिवस इथं पडकई, बिनमजुरीनं एकमेकींची खाचरं बांधायची. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या माझ्या.
"पडकईत मालक कोण लिहू?"
"जिचं खाचर ती."
पटलं. माझ्यासकट अकराही जणींचे तसेच भरले, सह्या-अंगठेही एकमेकींचे.

९ मे
तालुक्याहून साहेबांचा फोन. "मॅडम, या अकरा बायका एकमेकींच्या मालकिणी आहेत!" आहेतच की. अर्ज परत. 'मालकाशिवाय कार्ड द्या' अशी मागणी वर गेलीय म्हणे, अधिवेशनात बघू. झडप थांबणार का तोवर?
तरी दिवसभर डोळ्यांपुढे तेच. अकरा मालकिणी, डोक्यावर मातीच्या पाट्या, ओळीनं ढगात शिरताहेत... भात करपला.

१३ मे
गावचे पुढारी भाऊ येऊन गेले. पंचायत समितीला उभे राहणार. "मी करतो मालक म्हणून सही. सगळ्या माझ्याच की!" बदल्यात काही मागितलं नाही. आज कशाला मागतील? कागदावर मात्र आम्ही त्यांच्या मजूर.

१६ मे
खाचरावर. हिरावहिनीला दगड उचलू देत नाही, ती जांभळीखाली बसून आम्हाला शिव्या घालते. सगळ्या तिला म्हणाल्या, "आमी न्हाई घेनार, पन तू घे भाऊंची सही."
"म्हंजी तुमी मालकिणी, आन् म्या एकलीच मजूर व्हय गं?"
लई हसल्या. मला हसू आलं नाही. तिचा रागच आला. जगायचं सोडून मान कसला धरते!

१९ मे
हिरावहिनी सेंटरात. फॉर्मवर भाऊंची सही, तिचा अंगठा बाकी. चार पायऱ्या चढून धाप लागलेली. खिडकीबाहेर ढगाची सावली खाचरांवरून सरकत होती, दोघी बघत बसलो.
"तू काय केलं असतंस?" तिनं विचारलं.
"टाकला असता अंगठा." खरं बोलले का, माहीत नाही.
"आन शाई."
पॅड पुढं केलं. तिनं अंगठा शाईवर टेकवला. मग तसाच वर धरून बसली. शाई वाळायला लागली तरी अंगठा कागदावर उतरला नव्हता.