शालनताईंचे देव आणि माझा पंचनामा

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी लेकीला फोन. जावयांचा खोकला? बसला. नातीचा हलणारा दात? पडला. विहीणबाईंचा गुडघा? जुन्या दाराची बिजागरी ती, कुरकुरणारच. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "आण्णा, आणि शालनमावशी?" काय सांगू. कर्ज थकलं म्हणून शेजारच्या त्यांच्या घराला फायनान्स कंपनीनं सील ठोकलं त्याला आज आठवडा. त्या आमच्या पुढच्या खोलीत. तब्येत ठीकच म्हणायची. जेवत नाहीत.

४ फेब्रु.
कारण कळलं. सील लावायला माणसं आली तेव्हा ताईंना सासऱ्यांचं सुतक. अर्धा तास दिला होता. गॅस, डबे, कपडे काढले, देवांना हात लावला नाही. सुतकात लावणार कसा? देवांच्या मूर्ती कोरलेले पाच टाक आत देव्हाऱ्यातच. परवा सुतक फिटलं. "देव पारोसे अन् मी कशी जेवू, भाऊजी?" देव परत मागणारा अर्ज कंपनीला दिला. मीच लिहिला. गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे. शाळा सातवीपर्यंत, बाकी कागद वाचून वाचून.

८ फेब्रु.
उत्तर नाही. बाई चहावर. हिनं भाकरी पुढं केली तर ताटाला नमस्कार करून सरकवली.

९ फेब्रु., रविवार
केलं. आंघोळ करून, ओल्या पंच्यानं गेलो. कोयंड्याचे स्क्रू काढले. कुलपाला धक्का नाही, पण सील फाटलंच. देव अन् त्यांची घंटी ताम्हनात घेतली, बाकी कशाला शिवलो नाही, स्क्रू परत बसवले. मग रीतसर पंचनामा: वेळ, चार स्क्रू, पाच टाक, एक घंटी. खाली माझी सही, पंच म्हणून हिची.
ताईंनी देव न्हाऊ घातले. दीड भाकरी. पिठलं दोनदा मागितलं.

११ फेब्रु.
नगरला कोर्टात, ताईंच्या वकीलबाईंकडं. पंचनामा दाखवला, जरा ऐटीतच. "आण्णा, चोरसुद्धा पावती ठेवून जात नाही हो!" हसल्या. मग हसू गेलं. सील तोडणं गुन्हा आहे, कुणाच्या का भल्यासाठी असेना. पुन्हा अर्ज केला असता तर कंपनीच्या माणसासमोर देव मिळाले असते. "जाळा तो कागद."
नाही जाळवला. खरं लिहिलेलं कसं जाळू...

१४ फेब्रु.
कंपनीचा माणूस आला. फाटलेलं सील बघून सरळ ताईंवर. "साहेब एकरकमी तडजोडीला तयार झाले होते, बाई. घर परत मिळत होतं. आता पोलिसात तक्रार, अन् तडजोड बंद." मी उठलो तर ताई मधे. "व्हय, मीच तोडलं."
तो गेल्यावर ओरडलो. म्हणाल्या, "माझं घर तर गेलंच हाय भाऊजी. या वयात तुमी कशाला पोलीस चौकी बघताय? लई शानपना करू नका."

१५ फेब्रु.
वकीलबाई फोनवर: खरं सांगितलंत तर गुन्हा तुमच्यावर. ताईंची तडजोड वाचेल? "वाचेल. नाहीही वाचणार."
हिला म्हटलं, तुझं नाव गाळून नवा पंचनामा करतो. भडकली. "लग्न झाल्यापासून म्हणाल तिथं सही केली, अन् आज खोडताय व्हय मला?" मग बराच वेळ दोघंही मटार सोलत बसलो.

१७ फेब्रु., सोमवार
पंचनामा रजिस्टर पोस्टानं कंपनीला. ताईंना अजून बोललो नाही. सोबतच्या पत्राची नक्कल:
"साहेब, नमस्कार. सील मी काढले. शालनबाई तेव्हा आमच्या घरी होत्या. आपल्याला त्या म्हणाल्या ते मला वाचवायला. पंचनामा जोडला आहे. माझ्या पत्नीने फक्त सही केली, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. माझ्यावर जे करायचे ते करा, त्यांची तडजोड मोडू नका. आम्ही घरीच असतो. उत्तर लवकर पाठवा, म्हणजे बाईंना काय सांगायचे ते मला कळेल."