चिमी रडत नाही

३ मार्च, सोमवार

चिमी पडली. जिन्याच्या कडेवर गुडघा चांगलाच फुटला. मी धावले, पण ही रडेना! दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून बसली. तीन वर्षांची पोर!

ताईंना, म्हणजे माझ्या नणंदबाईंना, फोन केला. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तेव्हा चिमी त्यांच्या घरच्या पाळणाघरातच असते. म्हणाल्या, "शहाणी झालीय. माझ्याकडे एकही मूल भोकाड पसरत नाही."

४ मार्च

खूश व्हायला हवं खरं तर. होत नाहीये.

६ मार्च, गुरुवार

चिमीला खुर्चीत बसवून भाजी चिरत होते. तंद्रीच लागली. वीसेक मिनिटांनी मागून बारीक आवाज — "आई, आता हलू?"

सुरी हातातच राहिली.

नवऱ्याला सांगितलं. उसळलाच! "आई गेल्यावर ताईनेच मला लहानाचं मोठं केलं. मी काय बिघडलो? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

 

७ मार्च

सकाळी ताईंच्या दारात चिमी कडेवरून उतरली. चपला काढून ओळीत ठेवल्या. मान खाली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बिलगली असती, लाथा झाडल्या असत्या — चाललं असतं!

१० मार्च, सोमवार

मालकांना थाप मारली — दाढ दुखतेय. दुपारी बाराला ताईंकडे. बेल. आत टीव्ही मोठ्याने. ताईंनी दार अर्धंच उघडलं.

"आत्ता? अगं, झोपलीय ती."

"बघून जाते."

"उठेल ना!"

त्यांना बाजूला सारून आत घुसले. पलंग रिकामा, चादरीला सुरकुती नाही. हाक मारली. ओ नाही. स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीला बाहेरून कडी!

काढली. अंधारात चिमी. जागी. माझी हाक ऐकत होती, पण ओ द्यायची तिची हिंमत झाली नाही. फ्रॉक ओला.

ताई मागून — "दहाच मिनिटं गं. थोडी शिस्त नको?"

पाळण्यात आमच्या शेजारणीचं बाळ होतं. त्याच्या आईला तिथूनच फोन केला. ती धावत येईपर्यंत चिमीला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. 

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं.  तो जेवला नाही. बहिणीची बाजू घ्यायची असेल तर खुशाल घेऊ दे. चिमी आता तिथे जाणार नाही.

११ मार्च

सकाळी नवऱ्याच्या पुढ्यात चहा तसाच. मग खाली बघून म्हणाला, "ताई मलाही कोंडायची. सात वर्षांचा होतो."

पोलीस चौकीत निघालोय. तक्रार तोच लिहून देणार आहे — दोन मुलांच्या नावाने, चिमीच्या आणि त्या सात वर्षांच्या मुलाच्या.