पांढऱ्याच्या मधलं पांढरं

३ मे
पोचले एकदाची! चहूकडे गोठलेला समुद्र आणि डोळे उघडवत नाहीत असं ऊन. सूर्य मावळतच नाही इथे. आम्ही तिघंच: मोठे साहेब, गाड्या आणि जनरेटर सांभाळणारे तात्या, आणि मी. तात्यांनी आल्याआल्या चहा दिला. साहेब हुशार आहेत, पण दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नाही, असं म्हणाले.

५ मे
काम आवडलं. लांब दांड्याच्या टोकाला यंत्र. त्याचा एक डोळा आकाशाकडे, दुसरा खाली बर्फाकडे. शंभर भाग ऊन पडलं तर ताजा बर्फ पंच्याऐंशी परत करतो. काळं पाणीसुद्धा पाच-सात करतं. आपली सावली मात्र पडू द्यायची नाही. या आकड्यांवरून साहेब नकाशा रंगवतात आणि तात्या त्यावर डोळे मिटून गाडी चालवतात: पांढरं म्हणजे जाड बर्फ, काळं म्हणजे पाणी.

९ मे
आज एका जागी शून्य आलं. दिसायला बर्फ पांढराशुभ्र. यंत्र पुसून पुन्हा धरलं, पुन्हा शून्य. दांडा टेकवायला गेले तर टेकलाच नाही, नुसता आत जात राहिला.
साहेब हसले. "शून्य येत नसतं. पांढऱ्याच्या मधे पांढरंच असतं. आजूबाजूची सरासरी टाक आणि पुढे चल." मी नाही म्हटलं, तर त्यांनी स्वतः टाकली. नकाशा स्वच्छ पांढरा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

१२ मे
शून्य छावणीकडे सरकलंय. मी तिथे लाल झेंडे रोवले. साहेबांनी सगळे उपटले. रंगाने मापं बिघडतात म्हणे. माणूस गेला तर चालेल, मापं बिघडायला नकोत.

१४ मे
तात्या परतले नाहीत. नकाशा बघून डिझेल आणायला गेले होते. गाडीच्या खुणा सरळ जातात आणि मधेच संपतात. भोक नाही, तडा नाही.
मी ओरडले, "तुम्ही त्यांना पांढरं दाखवलंत."
आवाज खाली ठेव, म्हणाले.

१५ मे
खुणा संपतात तिथे गेले. हाका मारल्या. खालून तात्या म्हणाले, "येऊ नकोस, पोरी." मी हात घातला. खांद्यापर्यंत. थंड नव्हतं — काहीच नव्हतं —

परत आले. साहेबांसमोर टेबल बडवलं. मान वर केली नाही त्याने. वायरलेसवर बोलत होता. शोधाला विमान येतंय. धावपट्टीची जागा त्याच नकाशावरून दिलीय. खुणा संपतात तिथेच.

वायरलेस हिसकावला. ओरडले. वैमानिक विचारतोय, कोणी आहे का —

यंत्र स्वतःच्या तळहातावर धरलं. शून्य.

विमानाचा आवाज. बाहेर उभी आहे. वही उंच धरणार. मी नाही तर कागद तरी दिसेल. मोठ्या अक्षरांत लिहितेय —

उतरू नका
इथे बर्फ ना