डावीकडचं स्टेअरिंग

प्रिय दादा,

तेरवीच्या दिवशी मी तुला पत्र लिहून तुझ्या फोटोमागे ठेवलं होतं. त्यात एक चूक आहे. मी लिहिलं होतं, 'तुझ्या गाडीखाली माणूस आला आणि तू चालवत होतास म्हणून लोकांनी तुला मारलं.' माणूस तुझ्याच गाडीखाली आला, हे खरं. पण तू चालवत नव्हतास.

पत्रातलं तेवढं खोडून मी गप्प बसले असते. पण ठाण्यात मायचा जबाबही मीच लिहिला, कारण ती अंगठा लावते. 'माझा मुलगा गाडी चालवत असताना', असं त्यातही आहे. तसं लिही म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी तुझी, मग चालवणार दुसरं कोण?

आणि आता घाई आहे. मायने माझं कुंकू ठरवलंय, देवरावशी. तुझा देवराव, कापसाच्या जिनातला फिटर, रोज संध्याकाळी तुझ्याजवळ गाडी शिकायला येणारा. त्या दिवशीही तो तुझ्यासोबत निघाला होता, पण जिनापाशीच उतरलो असं त्याने सांगितलं. तू गेल्यापासून आपली विहिरीची मोट, सरपण, मायचं औषध, सगळं तोच बघतो. "एक पोरगा गेला, देवानं दुसरा धाडला," असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मला म्हणाली, "आता त्याले भाऊ म्हनू नको वो." लहानपणापासून देवरावभाऊ म्हणत आले मी. दुसरं काय म्हणायचं ते ठरत नव्हतं, म्हणून हाक मारणंच सोडलं.

तुला आणलं तो दिवस मी पहिल्या पत्रात नीट लिहिला नव्हता. माय ऐकेल अशी भीती होती. तुला बैलबंडीत घालून आणलं, कापूस बांधायच्या पल्ल्यात गुंडाळून. मामाने तोंडावरचं फडकं काढलं आणि लगेच परत टाकलं. तेवढ्यात मी पाहिलं. उजवा डोळा नव्हता, जबडा एका बाजूला सरकला होता, कानामागे कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, बसला होता. हाताची बोटं सगळी मागे वळलेली. तू डोक्यावर हात धरला असशील, आणि त्यांनी हातावरच मारलं असेल. त्याच बोटांनी तू मला गाडीच्या मागच्या फाळक्यावर खडूने बाराखडी शिकवलीस. शाळेत नाव घालायच्या आधी मला वाचता येत होतं, ते तुझ्यामुळे. चुकलं की रूळ मारायचास, आणि जोरात मारायचास. बाजारात एका दलालाने वजनात काटा मारला तर तू त्याला गळपट्टी धरून मापाच्या दगडावर आपटलं होतंस. तुझा हात असा चटकन उठायचा, मग लोकांनी तुला घेरलं त्या फाट्यावर का नाही उठला?

गाडी बैलांनी ओढून आणली. उजवं दार उपटलेलं, काचा फुटलेल्या, बॉनेटवर कुऱ्हाडीचे घाव. एक धोंडा बाजूने आत घुसून कार्बोरेटरचा चुरा झाला होता. पेट्रोल सांडलं तेव्हा कोणीतरी "पेटवा" ओरडलं होतं म्हणे. पोलीस पाटील वेळेवर पोचले म्हणून गाडी राहिली. जमादारांना मी विचारलं, मारणारे कोण होते? ते म्हणाले, "बाई, जमाव होता. जमावाचं नाव काय लिहू?"

माय रोज त्या गाडीकडे पाहून रडायची. विकून टाकू म्हटलं, तर घेणारा म्हणे इंजिन चालू करून दाखवा. देवराव म्हणाला, "कारबोटर मी आनतो. पैशाचं नाव काढू नका, माय." मला ते पटेना. उपकार किती घ्यायचे? मी हट्ट केला, येते म्हणाले. मामालाही सोबत घेतलं आणि आम्ही तिघं यवतमाळला गेलो.

तुला ठाऊक असेल ते दुकान, जुन्या मिलिटरी गाड्यांचं सामान विकतात ते. बाहेर चाकं, आत अंधार, सगळीकडे ग्रीसचा वास. दुकानदार म्हातारा, बोलका. म्हणाला, "लढाई संपून वरसं झाली, तरी तिचे तुकडे इकून माहं पोट चाललंय. कोन्ती गाडी?"

मामाने अमेरिकन असं सांगितलं.

"आन स्टेअरिंग? डाव्या बाजूनं का उजव्या?"

"त्यानं काय होते?" मामा म्हणाला.

"काय होते? रेसची दांडी ज्या बाजूले पाय असंल त्या बाजूनं याले पाहिजे ना बाप्पा. उलटा नेसान तर परत आनसान, आन मले शिव्या देसान."

"डाव्या," मी म्हटलं.

म्हातारा हसला. "डावी मोठी फसवी गाडी असते. उजवीकडं बसनाऱ्यालेच लोक डायव्हर समजतात. माह्या भाच्याले नाक्यावर पोलिसानं उतरवला, लायसन दाखव म्हने. त्याले धड सायकल येत नाई."

मामा हसला. मीही हसत होते, आणि मधेच माझं हसू थांबलं. उजवं दार उपटलेलं होतं. पंचनाम्यात होतं, 'चालकास उजव्या दरवाजातून ओढून काढले.' दादा, आपल्या गाडीच्या उजव्या दारातून चालक कसा निघेल?

मी देवरावकडे पाहिलं. तो फळीवरचे नट निवडत होता. निवडलेले पुन्हा त्याच ढिगात टाकत होता.

कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून मी मांडीवर घेऊन आले. देवरावने पैसे काढले होते, ते मी देऊ दिले नाहीत, मामाकडून दिले. सगळी वाट एकच विचार होता, की मी उगाच एखाद्याच्या माथी पाप मारत तर नाही ना? तू नेहमी म्हणायचास, "सुमे, तू मुंगीलेबी विचारून पाय टाकशील." म्हणून मी आधी देवरावला विचारलं नाही. आधी किसनच्या बायकोकडे गेले.

किसन म्हणजे तुझ्या गाडीखाली आला तो. कापसाच्या बंडीसोबत पायी चालला होता. त्याच्या घरी मी एकटीच गेले. त्याच गावाने तुला मारलं. त्याची बायको सखूबाई दारात तूर पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"कायले आली?"

"माझा भाऊ कोणत्या बाजूनं उतरला, तेवढं सांगा."

ती पाखडता पाखडताच बोलली. "ह्या हातानं." उजवा हात दाखवला. "आपल्या मनानं उतरला. पळत आला आन मालकाचं डोकं मांडीवर घेतलं. शेला फाडून बांधला. म्हने, मामी, धरा, गाडीत टाकू, यवतमाळच्या दवाखान्यात नेऊ. तवर वावरातून मानसं आली. इचारलं, कोन चालवत होता? तो म्हने, गाडी माही हाय."

"चालवत होतो, असं म्हणाला?"

"गाडी माही हाय, म्हने. मंग काय ऐकते कोनी?" आता सूप थांबलं. "बैल हाकायच्या तुतारीनं मारलं, दांड्यानं मारलं. मालक तवा जिता होता, पोरी. पानी मांगत होता. समदे तुह्या भावाले मारत राह्यले, मालकाकडं कोनी पाह्यलं नाई. गाडीबी फोडली, मंग नेता कशात?" आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "म्याबी मारला. एक धोंडा. तोंडावर."

तुझा उजवा डोळा. तिने माफी मागितली नाही. मी उठले तेव्हा तिने मला पाणी दिलं, आणि मी ते प्याले. ते मी का प्याले, हे मला अजून कळलेलं नाही. तुला राग आला का?

दुसऱ्या दिवशी देवराव कार्बोरेटर बसवायला आला. माय देवळात गेली होती. तो बॉनेटमध्ये वाकलेला, मी गाडीचं हँडल घेऊन समोर उभी, त्याने सांगितलं की फिरवायला. जड लोखंड ते. माझा हात काय करेल याची मला पहिल्यांदा भीती वाटली.

"देवराव, त्या दिवशी तुम्ही कोणत्या बाजूनं उतरले?"

पान्याचा आवाज बंद झाला.

"मी तं आधीच उतरलो होतो ना, जिनापाशी. सांगितलं होतं म्या."

"कोणत्या बाजूनं?"

त्याने डोकं वर काढलं नाही. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. हँडल माझ्या हातात होतं आणि तो वाकलेला होता, दादा. एकच फटका पुरला असता. तुझ्या कानामागे बसला होता तिथेच. मी खोटं लिहीत नाही, मी जागा पाहून ठेवली होती.

"डाव्या," तो म्हणाला. "बाजूलेच रस्त्याखालची मोरी होती. मोरीत घुसलो. समदे तिकडं पाहून राह्यलते, त्याच्याकडं. मले कोनी पाह्यलंच नाई."

"ऐकू येत होतं?"

"समदं."

"बाहेर का नाही आले?"

"पेटवा म्हनत होते, सुमन." मग तो रडला, बॉनेटमध्येच डोकं ठेवून. "त्यानंच म्हनलं होतं, बंड्यांच्या पुढं काढ. मले डावीकडून पुढचं दिसत नाई. तो उजवीकडून पाहून सांगे आन मी काढो. बंड्यांची रांग होती. त्यानं म्हनलं, काढ, मोकळं हाय. किसन दोन बंड्यांच्या मधातून निघाला. माही चूक नाई म्हनत नाई मी. पन काढ त्यानं म्हनलं."

म्हणजे हे असं आहे. चाक त्याच्या हातात होतं, डोळे तुझे होते. म्हणून तू 'गाडी माझी' म्हणालास का? अर्धा दोष स्वतःचा वाटला म्हणून सगळा घेतलास? की मोरीतला मित्र वाचावा म्हणून? तुझ्या अंगावर घाव पडत होते तेव्हा तुला तो आठवत होता? मला हे कोण सांगणार आता? तुझा मला राग येतो, दादा. 'आम्ही दोघं होतो' एवढं म्हटलं असतंस, तर त्यांचे हात एक क्षण थांबले असते. कदाचित दोघंही गेले असते. मला ठाऊक नाही.

हँडल मी खाली ठेवलं. तो म्हणाला, "म्हनून तं तुह्याशी लगीन करतो म्हनलं. जनमभर फेडीन." मला शिसारी आली. तुझ्या रक्ताच्या बदल्यात तो मला पोसणार, आणि मी त्याच्या ताटात वाढणार. मायला हे सांगितलं तर तिचा दुसराही मुलगा जातो. नाही सांगितलं तर मी त्याची बायको होते, आणि माझ्या अक्षरातला तो जबाब तसाच राहतो.

गाडी मात्र सुरू झाली. हँडल त्यानेच फिरवलं, पहिल्याच फिरवणीत. माय देवळातून धावत आली, आवाज ऐकून. तिला क्षणभर काय वाटलं असेल, ते तिच्या तोंडावर होतं. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

मी मामाला सांगितलंय. तो खूप चिडला, विळा घेऊन निघाला होता. मी दारात आडवी झाले. "मामा, अजून एक मढं मला नको." मग तो बसला. जमादारांना तोच सांगून आलाय. किसनच्या गावचा बाजार सोमवारी असतो, तिथे आम्ही ही गाडी घेऊन जाणार आहोत, आणि बंदोबस्ताला ते स्वतः येतात. सखूबाईलाही निरोप दिलाय. तिने उलट निरोप पाठवला, "येतो. म्या मारल्याचंबी सांगतो."

देवरावला मी म्हटलं, गाडी तुम्ही चालवायची. तो म्हणाला, "मारतील मले." मी म्हटलं, "मी उजवीकडे बसणार आहे. आधी मी उतरेन." त्याने हातातला पाना पुसला. मग नुसती मान हलवली. येईल की पळेल, मला माहीत नाही. पळाला तर मामा बैल जुंपेल, पण गाडी जाईल.

तिथे मी सगळं सांगणार आहे. चालवणारा कोण, मोरीत कोण होता, आणि 'काढ' कोण म्हणालं, तेही. तुला त्यातून वगळणार नाही. ठाण्यातला जबाब बदलून माझ्या अक्षरात पुन्हा लिहीन. मग घरी येऊन मायजवळ बसेन आणि तिला तिच्या दोन्ही पोरांची नावं घेऊन सांगेन. कुंकू मी लावून घेणार नाही.

एक वचन देते. देवरावच्या अंगावर मी कोणाचाही हात पडू देणार नाही. तो पडायचाच असेल तर आधी माझ्यावर पडेल. तू ज्या दारातून उतरलास, त्याच दारातून मी उतरेन, येत्या सोमवारी, महाशिवरात्र झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी.

तुझी,
सुमन